एका पायाची सूज

दोन्ही पाय सुजले तर माणूस दवाखान्यात जातो. एकच पाय सुजला तर आधी आठवत बसतो. कापूस वेचताना काही चावलं का, बांधावरून उतरताना मुरगळला का, कुठं ठेच लागली होती का. काहीच आठवलं नाही की घरातलं वडीलधारं माणूस तेल कोमट करायला सांगतं आणि पोटरी चोळून दिली जाते. चार-सहा दिवस असेच जातात. पोटरी टणक लागते, कातडी ताणून चकाकायला लागते, हात लावला तर हा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. या सगळ्या धांदलीत कुणी विचारत नाही की गेले दोन-तीन महिने याची भूक का मोडलीय, संध्याकाळी अंगात कणकण का असते, आणि विजार कमरेला का राहत नाही.

मला लिहायचंय ते या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. पोटात क्षय, आणि त्याच माणसाच्या पायातल्या किंवा पोटातल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी, ही जोडी पाठ्यपुस्तकात दुर्मीळ म्हणून एका ओळीत उरकली जाते. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र ती पुन्हापुन्हा भेटते. १९९९ साली ‘पोस्टग्रॅज्युएट मेडिकल जर्नल’मध्ये गोग्ना, प्रधान, सिन्हा आणि गुप्ता या भारतीय डॉक्टरांनी एक छोटी नोंद छापली. तिच्या शीर्षकाचा आशयच असा होता की क्षयाने आपलं तोंड पहिल्यांदा दाखवलं ते शिरेतल्या गुठळीतून. खोकला नंतर, निदान नंतर, आधी सुजलेला पाय. त्यानंतर अशा नोंदी येत राहिल्या. त्या एकापाठोपाठ एक वाचल्या की एक ठरावीक चित्र तयार होतं. रुग्ण बहुधा तरुण असतो, विशी ते चाळिशीतला. महिना-दोन महिने बारीक ताप. वजन उतरलेलं. पोट अधूनमधून दुखतं, गोळा उठतो, बसतो. मग पाय सुजतो. डॉपलर सोनोग्राफीत मांडीची शीर बंद दिसते, सीटी स्कॅन केल्यावर गुठळी थेट पोटातल्या महाशिरेपर्यंत चढलेली आढळते, आणि त्या शिरेला खेटून लिम्फच्या सुजलेल्या गाठींचा पुंजका.

हे चित्र परतूरवर ठेवून पाहू या. परतूर हे दुधनेच्या खोऱ्यातलं तालुक्याचं गाव. मनमाडहून जालन्यावरून पुढे सेलू-परभणीकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तोवर हा तालुका परभणी जिल्ह्यात होता. त्यामुळे मोठं दुखणं आलं की इथल्या माणसापुढे दोन दिशा असतात. रुळाच्या एका बाजूला जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, दुसऱ्या बाजूला परभणी. घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. मराठवाड्यात त्याला दुसऱ्या नावाने फारसं कुणी ओळखत नाही. पण दिशा कुठलीही घेतली तरी खरी अडचण तिथे पोचल्यावर सुरू होते. सुजलेला पाय शस्त्रक्रिया विभागाच्या रांगेत उभा राहतो, ताप आणि वजन मेडिसिनच्या रांगेत, आणि पोटदुखीवर गावातच अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देऊन झालेल्या असतात. माणूस एकच, पण त्याची कागदपत्रं तीन.

क्षयाची सरकारी यंत्रणा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तालुक्यापर्यंत पोचलेली, फुकट औषध देणारी, आशाताईच्या पायावर उभी असलेली ही व्यवस्था आपल्याकडच्या मोजक्या चालत्या गोष्टींपैकी आहे. पण तिचा डोळा फुप्फुसावर आहे, आणि तसा तो असायलाही हवा, कारण रोग पसरतो खोकल्यातून. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ या प्रश्नाने ती सुरू होते. पोटाचा क्षय असलेल्या बहुतेकांना खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असतो आणि तपासायला थुंकीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे जगातल्या नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. त्यातल्या फुप्फुसाबाहेरच्या क्षयात पोटाचा वाटा छोटा, पण देश एवढा मोठा आणि रोग एवढा पसरलेला की छोटा वाटाही हजारोंच्या संख्येत जातो.

पोटाचा क्षय आपल्याला नवा नाही. १७६३ साली गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाला हरवणारे माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले ते राजयक्ष्म्याने, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यांचं दुखणं आतड्यांच्या क्षयाचं होतं असं मराठी लेखनात वारंवार येतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचं निदान आज खुर्चीत बसून करू नये, हे खरंच. पण तरुण वय, झिजत जाणं आणि पोटातल्या असह्य वेदना ही त्रयी वाचली की आजच्या डॉक्टरांचे कान टवकारतात.

जंतू पोटात पोचतो कसा? युरोपात एकेकाळी तो गाईच्या कच्च्या दुधातून यायचा. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय कुणी पीत नाही, सायीची गोडी आणि जंतूंचा बंदोबस्त एकाच पातेल्यात होतो. त्यामुळे तो मार्ग इथे अरुंद. इथे जंतू बहुधा छातीतल्या जुन्या, विसरलेल्या जागेतून रक्तावाटे पोटात उतरतो, किंवा छातीचा क्षय असलेला माणूस स्वतःचाच बेडका गिळतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो उजव्या बाजूचा कोपरा त्याला विशेष आवडतो. तिथे अन्न रेंगाळतं आणि लिम्फचं ऊतक दाट असतं. आतड्याला सूज, पोटाच्या अस्तराला सूज, पोटात पाणी, आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात गाठी. या गाठी पाठीच्या कण्यापर्यंत पसरतात, आणि तिथेच गोष्ट शिरेला भिडते.

कण्याच्या उजव्या अंगाला, पोटातल्या सगळ्या सामानाच्या मागे, शरीरातली सर्वांत मोठी शीर असते. दोन्ही पायांचं, ओटीपोटाचं, मूत्रपिंडांचं अशुद्ध रक्त तिच्यातून हृदयाकडे जातं. डॉक्टर तिला आयव्हीसी म्हणतात. रोहिणीसारखी ती जाड भिंतीची नाही. बाहेरून दाब आला की चेपते. शेताच्या पाटात मधेच ढेकूळ आलं की पाणी तुंबतं आणि गाळ बसायला लागतो, तसं तिच्या खालच्या अंगाला रक्त रेंगाळतं. पण नुसतं रेंगाळणं पुरेसं नाही. गाठीची सूज शिरेच्या भिंतीपर्यंत गेली तर आतलं गुळगुळीत अस्तर बिघडतं. आणि तिसरी गोष्ट रक्तातच असते. क्षय अंगात पेटलेला असताना यकृत फायब्रिनोजेनसारखी गोठवणारी प्रथिनं जास्त बनवतं, आणि गोठणं आवरणारी, अँटिथ्रॉम्बिनसारखी, कमी पडतात. रक्त गोठायला टपलेलं असतं.

प्रवाह मंदावणं, भिंत बिघडणं, रक्त गोठायला उतावीळ होणं. ही तीन कारणं रुडॉल्फ विर्शो या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखली जातात. त्याचे या विषयावरचे निबंध १८५६मध्ये एकत्र छापले गेले. ‘विर्शोची त्रयी’ हे नाव मात्र त्याने दिलेलं नाही, ते मागाहून चिकटलं. इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते हे दाखवून देणारा हाच विर्शो क्षयाच्या बाबतीत मात्र चुकला. फुप्फुसाचा झिजवणारा रोग आणि क्षयाची गाठ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत असं तो मानायचा. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा त्याच शहरातल्या या बड्या माणसाने त्याचं फारसं स्वागत केलं नाही. गुठळी एकाची, जंतू दुसऱ्याचा. परतूरच्या एखाद्या शेतमजुराच्या पोटात दोघं एकत्र नांदतात.

फुप्फुसाच्या क्षयात गुठळी किती जणांना होते याचे आकडे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९८९ आणि १९९६मध्ये जे छापलं त्यातून दिसलं की दवाखान्यात दाखल क्षयरुग्णांपैकी शेकडा तीन-चार जणांच्या पायाच्या खोल शिरेत गुठळी होते, आणि रक्ताचा गोठण्याकडचा कल उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणखी वाढून महिन्याभरात ओसरायला लागतो. म्हणजे गोळ्या सुरू झाल्या, आता काळजी मिटली, असं घरच्यांना वाटतं नेमक्या त्याच पंधरवड्यात पाय पाहत राहायला हवा. क्षयाचा रुग्ण अशक्तपणाने खाटेला खिळतो, ताप आणि उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं. दोन्ही गोष्टी गुठळीला मदत करतात.

पायातली गुठळी घातक ठरते ती सुटल्यावर. तुकडा वाहत हृदयातून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकला तर उभ्या माणसाला एकाएकी दम लागतो, छातीत कळ येते, कधी थुंकीत रक्त येतं. आणि क्षयाच्या रुग्णाची थुंकी लाल दिसली की सगळे क्षयालाच दोष देऊन मोकळे होतात. म्हणून सुजलेली पोटरी चोळू नये. तेल लावायला हरकत नाही, रगडायला आहे. गावात हे एवढंच एक वाक्य पोचलं तरी पुष्कळ.

दुसरी शीर यकृताकडे जाणारी. आतड्यांतून आणि प्लीहेतून निघालेलं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं, आणि ही शीर स्वादुपिंडामागून वर चढते. क्षयाच्या गाठी स्वादुपिंडाभोवती आणि यकृताच्या दाराशी जमतात, त्या हिलाच वेढतात. तिच्यात गुठळी झाली तर पाय सुजत नाही. पोट दुखतं, प्लीहा वाढते, पुढे अन्ननलिकेच्या खालच्या शिरा फुगतात आणि एक दिवस रक्ताची उलटी होते. आतड्याकडच्या फांदीत गुठळी झाली तर आतड्याचा तुकडाच काळा पडू शकतो. यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा बंद झाल्या तर पोटात भराभर पाणी होतं. आणि पोटाच्या क्षयातही पाणीच होत असल्याने दोन कारणांचं पाणी एकात एक मिसळून जातं. अशा वेळी उमगतं की ‘पोटात पाणी झालंय’ हे निदान नाही, ती निदानाची सुरुवात आहे.

तपासणीत कुठे काय अडतं, ते जरा सविस्तर सांगतो. पोटातलं पाणी सुईने काढून तपासलं तर क्षयात प्रथिनं जास्त, लिम्फोसाइट पेशी जास्त आणि एडीए नावाचं द्रव्य वाढलेलं मिळतं. जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी थुंकीत उत्तम चालते, पोटाच्या पाण्यात मात्र पुष्कळदा जंतू असूनही ‘नाही’ सांगते, कारण तिथे जंतू विरळ असतात. मग दुर्बिणीतून आतड्याचा किंवा सुईने गाठीचा तुकडा घ्यावा लागतो. गुठळीसाठी शहरात डी-डायमर नावाची रक्तचाचणी सहज सांगतात. पण क्षयात ती गुठळी नसतानाही वाढलेली असते, त्यामुळे पैसे जातात आणि कळत काही नाही. इथे उपयोगी पडते साधी डॉपलर सोनोग्राफी. तपासणारा डॉक्टर मांडीची शीर वरून दाबून बघतो. चांगली शीर चपटी होते, गुठळी भरलेली होत नाही. आपल्या भागात सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की लोकांना आधी गर्भलिंग चाचणीचा कायदा आणि सील ठोकलेली केंद्रं आठवतात. त्याच यंत्राने पायाची शीर बघता येते, ही बातमी अजून फारशी पसरलेली नाही.

निदान झालं की वाटतं पैलतीर आला. खरी गुंतागुंत इथून पुढे आहे, आणि या विषयावर लिहावंसं वाटलं तेही तिच्यामुळेच.

पोटाच्या क्षयाला साधारण सहा महिन्यांची औषधं लागतात. २०१६च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनीही तेच सांगितलं. त्यातलं मुख्य औषध रिफॅम्पिसिन. इटलीतल्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेने १९५७ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून या कुळातली औषधं मिळवली, आणि त्या वेळी गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या चोरीच्या सिनेमावरून नाव ठेवलं. गुठळीवरचं औषध वॉरफरिन. त्याचा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, कुजलेलं गवत खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांच्या शोधातून झाला. बाजारात ते १९४८ साली उंदीर मारायचं औषध म्हणून आलं. वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारं त्याचं भावंड अ‍ॅसेनोकूमारॉल, लोकांच्या भाषेत ‘रक्त पातळ करायची गोळी’. रक्त पातळ वगैरे काही होत नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच.

ही दोन औषधं एका पोटात गेली की भांडतात. रिफॅम्पिसिन यकृतातली औषध जाळणारी यंत्रणा जोरात चालवतं, आणि वॉरफरिन काम करायच्या आतच जळून जातं. नेहमीच्या मात्रेने काहीच होत नाही. मात्रा दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त करावी लागते. आयएनआर नावाची रक्तचाचणी दोन ते तीनच्या मध्ये आणायची तर वारंवार रक्त द्यावं लागतं. रिव्हारोक्झाबॅन, अपिक्झाबॅन ही नवी औषधं, ज्यांना रक्तचाचणी लागत नाही म्हणून खेड्यातल्या रुग्णाला सोयीची वाटावीत, तीही रिफॅम्पिसिनपुढे टिकत नाहीत; त्यांची रक्तातली पातळी घसरते आणि चाचणी नसल्याने घसरलेली कळतही नाही. राहतात पोटाच्या कातडीखाली घ्यायची हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शनं. ती रिफॅम्पिसिनला जुमानत नाहीत. पण वजनाप्रमाणे, बहुधा दिवसातून दोनदा, आठवडेच्या आठवडे टोचायची म्हणजे टोचणारं माणूस आणि पैसा दोन्ही हवं.

त्यात बारीकसारीक फसवणुकी आहेत. रक्तस्रावाची खूण म्हणून ‘लघवी लाल झाली तर लगेच या’ असं सांगतात. रिफॅम्पिसिनने लघवी पहिल्या दिवसापासूनच केशरी-लाल होते. मग या रुग्णाने काय ओळखायचं? त्याला हिरड्या, नाक, काळी शी आणि अंगावरचे निळे डाग पाहायला सांगावं लागतं. अंगदुखीला गावातल्या डॉक्टरकडून सुई टोचून घ्यायची आपली सवय इथे नडते. गोठण्याविरुद्धचं औषध चालू असताना कमरेत घेतलेली सुई आत रक्ताचा गोळा धरू शकते, आणि दुखण्यावरच्या गोळ्या पोटातून रक्तस्राव वाढवतात. मेथी, पालक, शेपू बंद करा, असंही काही जण सांगून मोकळे होतात. आधीच हाडांचा सापळा झालेल्या माणसाला भाजी बंद करायची? भाज्यांतलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध जातं हे खरं, म्हणून एक दिवस पातेलंभर आणि आठवडाभर काही नाही असं करू नये. रोज बेताची भाजी खावी. जेवण इथे औषधाइतकंच कामाचं आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरात जास्तीचं अन्न दिलेल्या आणि २०२३ साली छापलेल्या ‘राशन्स’ अभ्यासात त्या घरांतल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरात कमी झालं. निक्षय पोषण योजनेत दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. तेवढ्यात काय काय येतं, ते परतूरच्या आठवडी बाजारात कुणीही सांगेल.

बाईच्या वाट्याला यात एक जास्तीचं संकट येतं, आणि त्याबद्दल बोलायला सगळेच संकोचतात. पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, ते गुठळीचा धोका वाढवतं. रिफॅम्पिसिन त्याच गोळ्या निकामी करतं. म्हणजे गोळी घेणारी बाई धोका पत्करते आणि तरीही दिवस राहू शकतात. दिवस राहिले, आणि तेव्हा वॉरफरिन चालू असलं, तर पहिल्या तिमाहीत ते गर्भाला इजा करतं. क्षयाच्या खोलीत बसलेल्या तरुण बाईला पाळीबद्दल आणि गोळ्यांबद्दल विचारायला दोन मिनिटं लागतात. शेजारी सासू किंवा नवरा बसलेला असेल तर ती दोन मिनिटं मिळत नाहीत. त्यांना बाहेर बसवायचं धाडस कुणीतरी करायला हवं.

उपचार चालू असतानाच ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातून मुकादमाची उचल घेतलेली कितीतरी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आषाढात क्षयाची गोळी सुरू झालेल्या माणसाला ती पौषात संपवायची असते, मधे त्याची खोप कुठल्या कारखान्याच्या फडाजवळ असेल ते त्यालाही आधी माहीत नसतं. क्षयाच्या गोळ्यांची सोय निक्षय क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यात लावून घेता येते, जाण्याआधी क्षय विभागात सांगितलं तर. आयएनआरच्या चाचणीला असा कुठला क्रमांक नाही. ती करायची तर रोज बुडवायचा, तालुक्याचं गाव गाठायचं, आणि आकडा ओळखीच्या डॉक्टरला फोनवर कळवून मात्रा विचारायची. उचल फेडायची असलेला ऊसतोड मजूर हे कितीदा करील?

सहा महिने पुरे होतात. वजन वाढलेलं असतं, ताप गेलेला असतो, पाय जवळजवळ सारखे दिसतात. क्षयाच्या कार्डावर ‘उपचार पूर्ण’ लिहिलं जातं आणि रिफॅम्पिसिन थांबतं. गुठळी मोठी होती म्हणून वॉरफरिन मात्र पुढे चालू ठेवायला सांगितलेलं असतं, आणि मात्रा तीच, रिफॅम्पिसिनशी झुंजायला वाढवलेली, दुप्पट-तिप्पट. यकृताचा वेग पुढच्या दोन-चार आठवड्यांत उतरतो आणि तीच मात्रा आता जास्त होते. आयएनआर चढत जातो, माणसाला बरं वाटत असतं, आणि क्षय विभागाच्या वहीतून त्याचं नाव निघालेलं असतं. म्हणून ज्या दिवशी शेवटची गोळी दिली जाते, त्याच दिवशी त्याच कार्डावर पुढच्या रक्तचाचण्यांच्या तारखा लिहाव्यात: एका आठवड्याने, दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी. वॉरफरिनची मात्रा रिफॅम्पिसिनच्या आधीच्या जागी येऊन आकडा दोन-तीनमध्ये स्थिर होईपर्यंत.